डांबरातले जड रेणू, टोल्युईन आणि फ्लुओरेसन्स: कोल्हापूर परिसरातल्या प्रकल्प-विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

शिवाजी विद्यापीठ आणि आसपासच्या महाविद्यालयांतले एम.एस्सी.चे विद्यार्थी प्रकल्पासाठी विषय शोधताना अ‍ॅस्फाल्टीनपाशी येतात आणि साधारण तेच तेच प्रश्न विचारतात. प्रकल्प साधारण असा असतो: डांबरातले हे जड रेणू टोल्युईन या द्रावकात विरघळवायचे आणि किती संहतीला (द्रावणाच्या दाटपणाला) ते एकत्र येऊन पुंजके करतात ते फ्लुओरेसन्सवरून, म्हणजे प्रकाश शोषून रेणूंनी परत सोडलेल्या प्रकाशावरून, ओळखायचं. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं एका जागी ठेवली आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान सातवा प्रश्न वाचा. या विषयात सगळ्यात जास्त चुकीचे निष्कर्ष तिथंच निघतात.

१. अ‍ॅस्फाल्टीन म्हणजे नेमका कोणता रेणू?

असा एक रेणू नाही. कच्च्या तेलाचा किंवा डांबराचा जो भाग एन-हेप्टेनमध्ये विरघळत नाही, पण टोल्युईनमध्ये विरघळतो, तो अ‍ॅस्फाल्टीन. म्हणजे ही व्याख्या रचनेवरून केलेली नाही, विद्राव्यतेवरून केलेली आहे. त्यात हजारो वेगवेगळे रेणू असतात. मध्ये जोडलेल्या बेंझिन कड्यांचा सपाट गाभा, कडेला अल्किल शेपट्या, अधूनमधून गंधक, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि थोडं व्हॅनेडियम व निकेल, असा त्यांचा सर्वसाधारण चेहरा. हे नाव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बुसँगो यांनी १८३७ मध्ये दिलं. त्यालाही आता दोनशे वर्षं होत आली, तरी या रेणूंच्या रचनेवरचा वाद पुरता मिटलेला नाही.

२. कोल्हापुरात कुठं तेलविहीर आहे? नमुना आणायचा कुठून?

आपल्या पायाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे, त्यात तेल सापडणार नाही. पण जड पेट्रोलियम रेणू पाहायला कच्चं तेलच लागतं असं नाही. रस्त्याच्या कामावर व्हीजी-३० प्रतीचं डांबर येतं, तेच पेट्रोलियम शुद्धीकरणातून उरलेलं बिट्युमेन. ठेकेदाराकडून किंवा हॉट मिक्स प्लँटवरून पाव किलो मागून आणा, कोणी नाही म्हणत नाही. मात्र कोणत्या बॅरलमधलं किंवा टँकरमधलं, कोणत्या तारखेचं, किती वेळ तापवलेलं, हे तिथंच उभं राहून लिहून घ्या. इमल्शन आणू नका. त्यात पाणी आणि साबणासारखे पदार्थ असतात, ते पुंजके होण्याच्या प्रक्रियेतच ढवळाढवळ करतात.

कच्च्या तेलावरच काम करायचं असेल तर उत्तर गुजरातेतल्या मेहसाणा भागातलं जड तेल या अभ्यासाला चांगलं. मुंबई हायचं तेल त्यामानाने हलकं, त्यातून अ‍ॅस्फाल्टीन फार हाती लागत नाही.

३. डांबरातून ते वेगळं कसं काढायचं?

१ ग्रॅम डांबराला ३० ते ४० मिली एन-हेप्टेन घ्या, तासभर रिफ्लक्स करा (वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये येईल असं उकळत ठेवा), मग अंधारात थंड होऊ द्या आणि व्हॉटमन ४२ कागदातून गाळा. कागदावर जी तपकिरी-काळी पूड राहते ती अजून अ‍ॅस्फाल्टीन नव्हे. तिच्यात रेझिन (डांबरातले अ‍ॅस्फाल्टीनहून हलके, चिकट घटक) आणि मेण अडकलेलं असतं. कागद तसाच सॉक्सलेटमध्ये (तोच द्रावक पुन्हा पुन्हा नमुन्यावर सोडणारं काचेचं उपकरण) ठेवून गरम हेप्टेनने धूत राहा, खाली येणारं हेप्टेन पूर्ण बिनरंगी होईपर्यंत. त्यानंतर गरम टोल्युईनने पूड विरघळवून घ्या, टोल्युईन उडवून द्या आणि वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. हाती आलेली पूड चकचकीत काळी असते, चमच्याने दाबली की काचेसारखी तुटते. चिकटत असेल तर धुणं अपुरं झालंय.

धुण्याचा कंटाळा करू नका. रेझिन राहिलं की तेच अ‍ॅस्फाल्टीनला विरघळलेलं ठेवतं आणि तुमचे पुढचे सगळे आकडे सरकतात.

४. हेप्टेन महाग पडतं. पेट्रोलियम ईथर किंवा हेक्सेन चालेल का?

पेट्रोलियम ईथर नको. ते मिश्रण आहे, बाटलीगणिक बदलतं. अल्केन जितकं लहान तितका गाळ जास्त पडतो, त्यामुळे पेंटेनचं अ‍ॅस्फाल्टीन आणि हेप्टेनचं अ‍ॅस्फाल्टीन हे दोन वेगळे नमुने धरतात. हेक्सेन वापरायचंच असेल तर शुद्ध एन-हेक्सेन वापरा, तसं शीर्षकातच लिहा आणि हेप्टेनच्या आकड्यांशी तुलना करू नका.

५. हे रेणू टोल्युईनमध्ये विरघळतात म्हणता, मग एकत्र का येतात?

विरघळणं आणि सुटं सुटं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सपाट सुगंधी गाभे एकमेकांवर भाकऱ्यांच्या चवडीसारखे बसतात. कडेच्या अल्किल शेपट्या एकमेकींना अडवतात, म्हणून चवड फार वाढत नाही. आज बहुतेक जण यासाठी येन-मुलिन्स प्रतिमान वापरतात: सुटा रेणू सुमारे १.५ नॅनोमीटरचा, सहाएक रेणूंचा नॅनोपुंजका सुमारे २ नॅनोमीटरचा आणि अशा आठएक पुंजक्यांचा समूह सुमारे ५ नॅनोमीटरचा. टोल्युईनमध्ये नॅनोपुंजके साधारण ५० ते १५० मिलिग्रॅम/लिटरच्या दरम्यान तयार व्हायला लागतात, समूह त्याच्या कितीतरी वर, काही ग्रॅम/लिटरला.

हे आकडे दगडावरची रेघ समजू नका. साबणाच्या मायसेलसारखी (साबणाच्या रेणूंच्या पुंजक्यांसारखी) इथं एका संहतीला लख्ख उडी दिसत नाही. रेणूच इतके निरनिराळे आहेत की काही आधी एकत्र येतात, काही मागाहून.

६. यासाठी फ्लुओरेसन्सच का? साधं यूव्ही-व्हिजिबल पुरणार नाही का?

शोषण वर्णपटात पुंजके झाल्याची खूण फार पुसट असते. लांब तरंगलांबीकडे हळूहळू उतरत जाणारी एक शेपटी दिसते, तिच्यात फरक शोधणं अवघड. फ्लुओरेसन्स मात्र आसपासच्या परिस्थितीला लगेच प्रतिसाद देतं. उत्तेजित रेणूशेजारी दुसरा सुगंधी गाभा आला की ऊर्जा तिकडे जाते किंवा उष्णतेत विरून जाते. प्रकाश मंदावतो, उत्सर्जन लाल बाजूला सरकतं, लाइफटाइम (उत्तेजित रेणू प्रकाश सोडायला सरासरी किती वेळ घेतो तो) बदलतो. शिवाय काही मिलिग्रॅम/लिटर इतक्या विरळ द्रावणातही संकेत स्वच्छ मिळतो, आणि आपल्याला सुट्या रेणूंपासूनच सुरुवात करायची असते.

७. संहती वाढवत गेलो, तीव्रता वाढली आणि १०० मिलिग्रॅम/लिटरच्या आसपास खाली आली. म्हणजे पुंजके झाले ना?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. इथं थांबून नीट विचार करा.

एक साधी गोष्ट करून पाहा. ५ मिलिग्रॅम/लिटरचं आणि ५०० मिलिग्रॅम/लिटरचं अशी दोन द्रावणं दोन क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये (द्रावण ठेवायच्या चौकोनी पारदर्शक कुप्यांत) घ्या. खोलीत अंधार करून बाजूने ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च मारा (डोळ्यांवर यूव्ही चष्मा हवाच). विरळ द्रावणात प्रकाशाची हिरवट-पिवळी रेघ या काचेपासून त्या काचेपर्यंत सरळ जाते. दाट द्रावणात मात्र टॉर्चच्या बाजूच्या काचेला लागून जेमतेम एक चमकती पट्टी दिसते, बाकी क्युव्हेट काळी. आता आपला फ्लुओरिमीटर कुठं पाहतो ते आठवा: काटकोनात, क्युव्हेटच्या मध्यभागी. दाट द्रावणात तिथवर उत्तेजनाचा प्रकाश पोचतच नाही. तीव्रता पडली ती प्रकाश वाटेतच शोषला गेल्यामुळे. रेणू एकत्र आले की नाही, याबद्दल ती काहीच सांगत नाही. हाच इनर फिल्टर इफेक्ट.

अ‍ॅस्फाल्टीनमध्ये तो विशेष त्रास देतो, कारण हे रेणू यूव्हीपासून थेट लालपर्यंत सगळीकडे शोषतात. ३५० नॅनोमीटरला १०० मिलिग्रॅम/लिटरच्या द्रावणाची शोषकता (द्रावण किती प्रकाश अडवतं याचं लॉगमधलं माप) १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये सहज १ च्या वर जाते. म्हणजे ज्या संहतीला पुंजके व्हायला लागतात, नेमक्या त्याच संहतीला प्रकाशही अडायला लागतो. दोन्ही गोष्टी एकाच जागी येतात आणि आलेख दोन्हींचा सारखाच दिसतो.

भरीला आणखी एक. द्रावण स्वतःचंच उत्सर्जन परत शोषतं, आणि निळ्या बाजूचं जास्त शोषतं. त्यामुळे वर्णपट लाल बाजूला सरकल्यासारखा दिसतो. 'रेड शिफ्ट आला, म्हणून पुंजके झाले' हा निष्कर्षही मग डळमळतो.

दुरुस्तीचं सूत्र आहे:

दुरुस्त तीव्रता = मोजलेली तीव्रता × १०^((उत्तेजनाची शोषकता + उत्सर्जनाची शोषकता) ÷ २)

उत्तेजनाच्या तरंगलांबीला शोषकता ०.३ आणि उत्सर्जनाच्या तरंगलांबीला ०.१ असेल तर गुणक येतो १.५८. ०.०५ आणि ०.०२ असेल तर १.०८. म्हणजे फार विरळ द्रावणातही आठ टक्क्यांची चूक बसलेली असते. शोषकता १ च्या पलीकडे गेली की या सूत्रावर विसंबू नका. तिथं ते अंदाजापलीकडे काही देत नाही.

८. मग पुंजके खरोखर झालेत हे दाखवायचं कसं?

माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पटणारी कसोटी म्हणजे प्रकाशाच्या वाटेची लांबी बदलणं. तीच द्रावणमालिका १० मिलिमीटरच्या आणि २ मिलिमीटरच्या क्युव्हेटमध्ये मोजा. आलेख वळण्याची संहती क्युव्हेटबरोबर सरकली तर ते वळण प्रकाशाचं आहे. दोन्हींत तिथंच राहिली तर रसायनाचं. फ्रंट-फेस होल्डर (प्रकाश जिथं पडतो त्याच बाजूने मोजू देणारा) मिळाला तर फारच उत्तम, कारण मग चमकणारी पट्टीच थेट मोजता येते.

दुसरं, नुसती तीव्रता काढू नका. तीव्रता भागिले संहती विरुद्ध संहती असा आलेख काढा. सुटे रेणू असतील तोवर तो सपाट राहायला हवा.

तिसरं, लाइफटाइम. क्षय किती वेगाने होतो हे प्रकाश किती पोचला यावर फारसं अवलंबून नसतं, म्हणून इनर फिल्टरचा धोका बराच टळतो (पुनर्शोषणाचा थोडा उरतो). अ‍ॅस्फाल्टीनचा क्षय एका घातांकात बसत नाही. दोन-तीन घटक घालून वक्र बसवा, पण त्यातल्या प्रत्येक घटकाला 'हा सुटा रेणू, हा पुंजका' अशी नावं देऊ नका. नमुन्यात हजारो रेणू आहेत, घटक तुम्ही तीन घेतलेत.

९. अ‍ॅनिसोट्रॉपीवरून आकार कळतो म्हणतात. आम्हाला जमेल का?

जमेल, पण अपेक्षा मापात ठेवा. ध्रुवित प्रकाशाने उत्तेजित केलेला रेणू प्रकाश सोडण्याआधी किती फिरला, ते यातून कळतं. फिरण्याचा काळ म्हणजे द्रावकाची श्यानता गुणिले कणाचं आकारमान, भागिले बोल्ट्झमन स्थिरांक आणि तापमान यांचा गुणाकार. टोल्युईनची श्यानता २५ अंशांना ०.५६ मिलिपास्कल-सेकंद. कण गोल धरून हिशोब केला तर १.५ नॅनोमीटर व्यासाला सुमारे ०.२४ नॅनोसेकंद, २ नॅनोमीटरला सुमारे ०.५७ आणि ५ नॅनोमीटरला सुमारे ९ नॅनोसेकंद येतात. लाइफटाइम काही नॅनोसेकंदांचा आहे, हे लक्षात घेऊन हे आकडे पुन्हा वाचा. रेणू आणि नॅनोपुंजका दोघंही प्रकाश सोडण्याआधी बरंच फिरून घेतात, त्यामुळे दोघांतला फरक साध्या स्थिर मापनात अगदी थोडा दिसतो. समूह मात्र जवळजवळ जागीच असतो, म्हणून तो ठळक दिसतो. नॅनोपुंजका पकडायचा तर काळानुसार क्षय मोजणारं यंत्र हवं.

१०. कोणत्या तरंगलांबीने उत्तेजित करू?

टोल्युईन स्वतःच २८५ नॅनोमीटरच्या खाली शोषतं, म्हणून २९० च्या वरच राहा. ३५० आणि ४१० अशा दोन तरी घ्या; लहान आणि मोठे गाभे वेगवेगळे उत्तेजित होतात, एकीवरून सगळ्या नमुन्याबद्दल बोलता येत नाही. ३५० ला उत्तेजित केलं की ३९२ च्या आसपास एक छोटं टोक दिसेल. ते टोल्युईनच्या सी-एच बंधाचं रामन विकिरण (विखुरताना तरंगलांबी बदललेला प्रकाश). अ‍ॅस्फाल्टीनशी त्याचा संबंध नाही. ७०० ला दिसणारं टोक यंत्रातल्या प्रकाश विभागणाऱ्या जाळीच्या (ग्रेटिंगच्या) दुसऱ्या कोटीचं. दरवेळी नुसत्या टोल्युईनचा वर्णपट घ्या आणि वजा करा.

११. आधी पायरिनवर सराव करायला का सांगतात?

कारण पायरिन एकच शुद्ध रेणू आहे आणि त्याचं वागणं डोळ्यांसमोर दिसतं. विरळ द्रावणात ३७५ ते ३९५ नॅनोमीटरच्या दरम्यान टोकं, दाट केलं की ४७५ च्या सुमारास रुंद निळा पट्टा: एक्सायमर, म्हणजे एक उत्तेजित आणि एक साधा रेणू यांची जोडी. फोर्स्टर आणि कास्पर यांनी हे १९५०च्या दशकात दाखवलं. हात बसेपर्यंत हेच करा. पण हा धडा अ‍ॅस्फाल्टीनवर जसाच्या तसा लावू नका. पायरिनची जोडी उत्तेजित झाल्यावर जुळते. अ‍ॅस्फाल्टीनचे पुंजके प्रकाश पडायच्या आधीच जुळलेले असतात, त्यामुळे वेगळा एक्सायमर पट्टा शोधत बसण्यात अर्थ नाही.

१२. ऑक्सिजन घालवायला द्रावणातून नायट्रोजन सोडायलाच हवा का?

पायरिनसाठी हवाच. त्याचा लाइफटाइम काहीशे नॅनोसेकंदांचा, तेवढ्या वेळात टोल्युईनमधला विरघळलेला ऑक्सिजन बहुतेक प्रकाश खाऊन टाकतो. अ‍ॅस्फाल्टीनचा लाइफटाइम लहान, त्यामुळे परिणाम काही टक्क्यांपासून फार तर पाचव्या हिश्शापर्यंत. सिलिंडर नसेल तर सगळी मालिका हवेत मोजा आणि तसं लिहा. अर्धी हवेत आणि अर्धी नायट्रोजनखाली, असं कदापि नको.

१३. द्रावणात हेप्टेन घातल्यावर काय होतं?

द्रावकाची ताकद कमी होते. हिल्डेब्रँड प्राचल (द्रावकाची ताकद सांगणारा आकडा) टोल्युईनचं सुमारे १८.२, हेप्टेनचं १५.३. हेप्टेनचं प्रमाण वाढलं की पुंजके लवकर होतात आणि पुढे गाळ पडतो. गाळाचे कण प्रकाश विखुरतात, मग फ्लुओरेसन्सचे आकडे निरर्थक होतात. म्हणून सोबत ७०० नॅनोमीटरच्या पलीकडची गढूळता मोजत राहा.

वेळेचं भान ठेवा. मिशिगन विद्यापीठातल्या फॉग्लर यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की हेप्टेन कमी असेल तर गाळ पडायला काही महिनेही लागू शकतात. 'इतक्या टक्क्यांना गाळ पडला' हे वाक्य 'इतक्या वेळानंतर' हे जोडल्याशिवाय अर्धवट आहे.

१४. प्लॅस्टिकची क्युव्हेट चालते का?

पॉलिस्टायरिनची टोल्युईनमध्ये विरघळते. क्वार्ट्झच हवी. मायक्रोपिपेटच्या टिपा, पॅराफिल्म, व्हॅक्यूम ग्रीस आणि बाटलीवरची मार्करची अक्षरं यांतलं काहीही टोल्युईनला लागू देऊ नका. यातलं बरंच काही स्वतः चमकतं. काचेची सिरिंज, काचेची बाटली, टेफ्लॉनचं झाकण.

१५. पावसाळ्यात मोजमापं करावीत का?

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडची हवा कशी असते ते सांगायला नको. टोल्युईन ओल थोडीच घेतं, पण तेवढी ओलसुद्धा अ‍ॅस्फाल्टीनच्या ध्रुवीय गटांना जोडून पुंजके व्हायला मदत करते. टोल्युईन मॉलिक्युलर सिव्हवर (ओल शोषून घेणाऱ्या दाण्यांवर) ठेवा, बाटली उघडी टाकू नका. जमत असेल तर अ‍ॅस्फाल्टीन काढण्याचं काम पावसाळ्यात उरका आणि मोजमापं दिवाळीनंतर घ्या. वीज गेली आणि झेनॉन दिवा विझला तर तो गार होईपर्यंत पुन्हा पेटवू नका.

१६. लाइफटाइमसाठी पुण्याला जावं लागलं तर नमुना कसा न्यायचा?

कोरडी पूड न्या, द्रावण नको. टोल्युईनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटते) सुमारे ४ अंश सेल्सियस. एसटीत किंवा रेल्वेत असं काही नेऊच नये. शिवाय द्रावण ताजं असलेलं बरं. तिथं पोचल्यावर दाट द्रावण करा, काही मिनिटं सोनिकेट करा (श्राव्यातीत ध्वनिलहरींनी हलवा), रात्रभर अंधारात ठेवा, दुसऱ्या दिवशी विरळ करून मोजा. विरळ केल्याबरोबर मोजू नका, पुंजके सुटायला वेळ लागतो. यंत्राची वेळ मागतानाच हा एक दिवस धरून मागा.

१७. रेणुभार नक्की किती? पुस्तकात काही हजार आहे, लेखात ७५०.

जुन्या पद्धती दाट द्रावणात मोजायच्या, म्हणजे प्रत्यक्षात पुंजक्याचं वजन करायच्या. ग्रोएन्झिन आणि मुलिन्स यांनी १९९९ मध्ये अतिविरळ द्रावणात फ्लुओरेसन्सचं विध्रुवण मोजून सरासरी ७५० डाल्टनच्या आसपास सांगितली. ओटो स्ट्राउझ यांनी त्यावर कडाडून आक्षेप घेतला: जे चमकतं तेवढंच या पद्धतीला दिसतं, जे चमकत नाही त्याचं काय? आक्षेप रास्त आहे, प्रबंधात त्याचा उल्लेख हवाच. पुढे २०१५ मध्ये आयबीएमच्या झुरिक प्रयोगशाळेत अणुबल सूक्ष्मदर्शकाने एकेक रेणूचं चित्र घेतलं गेलं, त्यात मध्ये एकच मोठा गाभा असलेले रेणू भरपूर दिसले. अनेक लहान गाभे साखळीने जोडलेले रेणूही असतात, हे नंतरच्या वस्तुमान-वर्णपटांनी पुढे आणलं. मला विचाराल तर कमी रेणुभाराच्या बाजूचा पुरावा आज भक्कम आहे, रचनेचा प्रश्न खुला आहे.

१८. वापरलेलं टोल्युईन-हेप्टेन कुठं टाकायचं?

बेसिनमध्ये अजिबात नाही. आपलं सांडपाणी शेवटी पंचगंगेकडे जातं आणि नदीवर आधीच पुरेसा भार आहे. हॅलोजनरहित द्रावकांचा वेगळा कॅन ठेवा, लेबल लावा, विभागामार्फत अधिकृत विल्हेवाटीला द्या. हेप्टेन ऊर्ध्वपातनाने परत मिळतं, धुण्यासाठी तेच वापरा; खर्चही निम्म्यावर येतो.

१९. याचा आपल्या रस्त्यांशी काही संबंध जोडता येईल का?

येईल, आणि प्रकल्पासाठी तो चांगला धागा आहे. डांबर तापवताना आणि नंतर उन्हात वर्षानुवर्षं ऑक्सिडेशन होतं, अ‍ॅस्फाल्टीनचं प्रमाण वाढतं, डांबर कडक आणि ठिसूळ होतं. खड्ड्यांचा सगळा दोष यावर टाकू नका. आपल्याकडे पाणी साचणं हेच मोठं कारण आहे. पण नवं डांबर आणि उखडलेल्या थरातलं जुनं डांबर यांतून अ‍ॅस्फाल्टीन काढून दोन्हींची तीव्रता-संहती मालिका शेजारी शेजारी मांडली, तर जुन्यातले रेणू कमी संहतीला एकत्र येतात का, हे तपासता येईल. खडी आणि भुकटी टोल्युईनने धुऊन सेंट्रिफ्यूज करून काढावी लागेल. तुकडा घेताना रस्त्याच्या कडेचा घ्या, चाकांच्या पट्ट्यातला नको. तिथं इंजिन ऑइल मुरलेलं असतं आणि यूव्हीखाली तेही चमकतं.